जुन्या स्किड स्टिअर लोडरची ओढ कमी झाली? पंप उघडण्याआधी हे तपासा

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख आणून आम्ही भुसावळजवळ विटा पाडतो. राख आणि कच भरायला सहा वर्षांपूर्वी एक जुना स्किड स्टिअर लोडर घेतला, म्हणजे डावी-उजवी चाकं वेगवेगळी चालवून वळणारा छोटा लोडर. कंपनी कोणतीही असो, आमच्याकडे सगळे त्याला ‘बॉबकॅट’च म्हणतात. पहिल्याच उन्हाळ्यात दुखणं सुरू झालं. सकाळी सात वाजता राखेच्या ढिगात बकेट खुपसून मशीन सरळ पुढे जायचं, आणि दुपारी दोननंतर अर्धी बकेट घेऊनही चढावर जागच्या जागी थांबायचं. मिस्त्री आले, ‘पंप गेला’ म्हणाले आणि आवारातच पंप खोलला. त्या दिवशी वारा होता. पंपात नवीन किट पडलं, पण दुखणं तसंच राहिलं. खरं कारण महिन्याभराने सापडलं: ऑइल कूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत राखेचा थर सिमेंटसारखा घट्ट बसला होता. तोवर उघड्यावर खोललेल्या पंपात राख जाऊन आतल्या व्हॉल्व्ह प्लेटवर, म्हणजे ऑइलची ये-जा सांभाळणाऱ्या चकतीवर, रेघा पडल्या होत्या. चांगला पंप आम्ही असा हाताने घालवला.

ज्यांनी पहिल्यांदाच जुनं मशीन घेतलंय त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय. तपासणीचा क्रम बाहेरून आत आणि स्वस्तातून महागाकडे असाच ठेवा. घाई झाली तरी क्रम मोडू नका.

आधी हे मशीन चालतं कसं ते समजून घ्या

यात गिअरबॉक्स नसतो. इंजिन दोन पिस्टन पंप फिरवतं, एक डाव्या चाकांसाठी आणि एक उजव्या. लिव्हर ढकलला की पंपाच्या आतली स्वॅश प्लेट, म्हणजे पिस्टनना मागे-पुढे करणारी तबकडी, कलते. ती जितकी कलेल तितकं ऑइल बाहेर पडतं, आणि उलटी कलली की ऑइल उलट दिशेने जाऊन चाकं मागे फिरतात. हे ऑइल त्या बाजूच्या मोटरला फिरवतं, मोटर चेनकेसमधल्या (चेनच्या बंद पेटीतल्या) स्प्रॉकेटला, आणि तिथून चेन पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना. मोटरमधून निघालेलं ऑइल टाकीत जात नाही, थेट पुन्हा पंपाकडे येतं; हेच ते बंद वर्तुळ. थोडं ऑइल आतल्या आत झिरपतं आणि केस ड्रेनच्या होजमधून टाकीकडे परततं. तेवढी तूट भरून काढायला दुसऱ्या पंपाकडून कमी दाबाचं ऑइल सतत आत येत असतं, त्या दाबाला चार्ज प्रेशर म्हणतात. चार्ज कमी पडला तर मोठा पंप कितीही ठणठणीत असो, तो उपाशीच राहतो.

१९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात सायरिल आणि लुई केलर या भावांनी टर्कीच्या खुराड्यातली घाण काढायला पहिला छोटा तीनचाकी लोडर बनवला. तेव्हापासून या जातीच्या यंत्राचं मर्म एकच आहे: डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी चालवायची आणि त्यातूनच वळायचं. दुरुस्ती करणाऱ्याला हे वरदान आहे, कारण एकाच मशीनमध्ये एकसारखे दोन ड्राइव्ह मिळतात. एक आजारी आणि दुसरा बरा असेल, तर बरी बाजू हेच तुमचं माप. पुढची निम्मी तपासणी याच एका गोष्टीवर उभी आहे.

जवळ काय काय हवं

- मशीनचं सर्व्हिस मॅन्युअल. ते नसेल तर निदान सिरियल नंबरची प्लेट आणि पंप-मोटरवरच्या प्लेटांचे फोटो. पार्टवाला आधी हेच मागतो.
- मागच्या मालकाने कोणतं ऑइल टाकलं याची बिलं किंवा खात्रीची माहिती.
- दोन प्रेशर गेज: एक ० ते ४० बारचा, एक ० ते ६०० बारचा, सोबत टेस्ट होज आणि टी-फिटिंग. मिस्त्री ज्याला ‘किलो’ म्हणतात तो जवळपास १ बारच असतो, आणि १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय.
- लांबून तापमान दाखवणारी थर्मामीटर गन.
- दणकट जॅक आणि लाकडी ठोकळे. आम्ही रेल्वेचे जुने स्लीपर कापून वापरतो. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक चालणार नाहीत, वजनाखाली ते अचानक फुटतात.
- होजची तोंडं बंद करायला प्लास्टिकची बुचं, डिझेल, ब्रश, चुंबक, लोखंड कापायची करवत, मापाचा डबा.

हात घालण्याआधी

बूम (बकेट उचलणारे हात) वर असताना त्याखाली काम करायचंच असेल तर बूमचा लोखंडी सपोर्ट लावा. नुसत्या सिलिंडरच्या भरवशावर कधीही वाकू नका. केबिन उचललीत तर तिचा लॉक बसल्याची खात्री करा.

लिकेज शोधायला होजवरून हात फिरवू नका. ड्राइव्हच्या लाइनमध्ये २०० ते ३५० बार दाब असतो. सुईएवढ्या भोकातून येणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीतून आत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, त्यावर डाग उमटेल. चुकून धार लागलीच तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि ‘प्रेशरचं ऑइल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. दुखत नाही म्हणून घरी थांबलेल्यांना पुढे बोट गमवावं लागतं.

पायरी १: दुखण्याला नाव द्या

मिस्त्रीला ‘ओढत नाही’ एवढंच सांगू नका. स्वतः सीटवर बसा आणि चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

पहिला प्रश्न: मशीन अडतं तेव्हा इंजिन दबतं का? इंजिनचा आवाज जड होऊन ते बंद पडायला आलं तर ताकद पोचतेय, पण पुढे काहीतरी धरून ठेवतंय: ब्रेक, चेन किंवा बेअरिंग. किंवा इंजिनच अशक्त आहे. इंजिन मजेत फिरतंय आणि चाकं मात्र थांबलीत, तर ऑइलचा दाब तयारच होत नाहीये किंवा मधेच निसटतोय.

दुसरा: दोन्ही बाजू कमजोर की एकच? दोन्ही असतील तर कारण सामाईक जागेत शोधायचं, म्हणजे ऑइल, फिल्टर, सक्शन (टाकीतून पंपाकडे ऑइल ओढणारी लाइन), चार्ज, कूलर, पंपाचा बेल्ट किंवा कपलिंग. एकच असेल तर त्या बाजूची लिव्हरची जोडणी, रिलीफ (दाब हद्दीबाहेर गेला की ऑइल सोडणारा व्हॉल्व्ह), पंप, मोटर, चेन.

तिसरा: एका बाजूला एकाच दिशेला कमजोरी आहे का? पुढे जात नाही पण मागे जोरात येतं, असं असेल तर पंप-मोटर बहुधा ठीक आहेत. झिजलेला पंप दोन्ही दिशांना मार खातो. पायरी ५ आणि ८ जास्त नीट वाचा.

चौथा: थंड असताना बरं आणि तापल्यावर ढिलं का? तापलेलं ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून जास्त निसटतं. पण त्याआधी, ते इतकं तापतंय का, हा प्रश्न विचारा. आम्ही तो विचारला नाही.

सोबत बूमही बघून घ्या. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये बूमच्या गिअर पंपाचं परतीचं ऑइलच ड्राइव्हला चार्ज म्हणून मिळतं. बूमही सुस्त आणि ड्राइव्हही सुस्त असेल तर गिअर पंप किंवा त्याच्या सक्शनवर संशय घ्या.

पायरी २: ऑइल

मशीन सपाट जागी, बूम खाली, मग पातळी बघा. थोडं ऑइल काचेच्या बरणीत काढा आणि उजेडात धरा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. फेस असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय. काळपट आणि करपट वास असेल तर ते खूप तापलेलं आहे.

ऑइल कोणतं हवं, हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. काही जुन्या मशीनना ४६ किंवा ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल लागतं, तर काहींच्या मॅन्युअलमध्ये चक्क इंजिन ऑइल सांगितलेलं असतं. मॅन्युअल सांगेल तेच टाका. आधीचं कोणतं होतं हे कळत नसेल तर टॉप-अप करत बसू नका, सगळं काढून नवीन भरा.

एक सापळा इथे आहे. टाकीची पातळी दर आठवड्याला उतरतेय आणि खाली जमिनीवर एकही थेंब नाही, असं असेल तर चेनकेसचा पातळी बघायचा प्लग उघडून बघा. मोटरच्या शाफ्टचं ऑइल सील गेलं की हायड्रॉलिक ऑइल चुपचाप चेनकेसमध्ये जातं. प्लग सैल करताच तिथून ऑइल भळाभळा यायला लागलं तर समजा, सापडलं.

पायरी ३: फिल्टर आणि सक्शन

जुना फिल्टर फेकू नका. करवतीने डबा कापा, आतला कागद पसरा, डिझेलने हलका धुऊन चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटली ती पोलादाची झीज. न चिकटणारी पिवळसर चकाकी दिसली तर ती पितळी-कांशाच्या भागांची, म्हणजे पंपाच्या पिस्टनचे शू किंवा तसंच काही. बारीक करडी भुकटी जुन्या मशीनमध्ये चालून जाते, पण नखाने उचलता येईल असा तुकडा दिसला तर त्या दिवसापासून मशीन चालवू नका. कापताना करवतीचा भुगाही पडतो, तो धातूचाच असतो. त्याला झीज समजून घाबरू नका.

टाकीपासून पंपाकडे येणारी सक्शनची होज हाताने दाबून बघा. जुनी होज आतून सोलवटते आणि ओढ लागली की आतल्या आत मिटते. बाहेरून ती धडधाकट दिसते. क्लिप ढिली असेल तर तिथून ऑइल गळत नाही, उलट हवा आत जाते, म्हणून डाग शोधून उपयोग नाही. जोडावर जाड ग्रीस फासा आणि मशीन चालवा. पंपाची शिट्टी कमी झाली तर चोर तिथेच आहे.

पायरी ४: कूलर आणि बेल्ट

कूलर आणि रेडिएटर दोन्ही सैल करून मधली फट उघडा. नुसती बाहेरून हवा मारली तर कचरा आणखी आत बसतो. हवा नेहमी उलट बाजूने, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने मारा. राख, तूस, शेणाची भुकटी यांत काम करणाऱ्यांनी मे महिन्यात हे दर आठवड्याला करावं. भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कूलरला उसंत नसते.

काही मॉडेलांत इंजिन ते पंप जोडणी बेल्टची असते. करपलेल्या रबराचा वास आणि ओझं आलं की चित्कार ऐकू आला, तर पंपाआधी बेल्टचा ताण बघा.

पायरी ५: लिव्हरपासून पंपापर्यंत

इथे वेळ द्या. जुन्या मशीनची निम्मी गाऱ्हाणी याच दोन-तीन फुटांत असतात, असा माझा अनुभव आहे.

इंजिन बंद ठेवून एकाने लिव्हर हळू पुढे-मागे करायचा आणि दुसऱ्याने पंपावरच्या आर्मकडे बघायचं. लिव्हर बोटभर सरकला तरी आर्म हलत नसेल तर मधले बॉल जॉइंट झिजलेत. आर्म शेवटपर्यंत पोचत नसेल तर स्वॅश प्लेट पुरती कलत नाही आणि ती बाजू कमी वेगाने चालणारच. मशीन एका बाजूला खेचतं ते पुष्कळदा एवढ्यानेच. आर्म शाफ्टवर आवळणारा बोल्टही बघा. तो सैल असेल तर आर्म फिरतो, शाफ्ट नाही. शाफ्टच्या टोकावर आणि आर्मवर मिळून मार्करची एक सरळ रेघ ओढा. लिव्हर हलवल्यावर रेघ तुटली तर पाना घ्या, काम झालं.

लिव्हर सोडल्यावरही मशीन सरकत असेल तर न्यूट्रल बिघडलंय. मशीन ठोकळ्यांवर उचलून चारही चाकं अधांतरी करा, आणि मगच इंजिन हळू चालू करा. सेटिंगचा नट सैल करून एका वेळी पाव आटा फिरवा, चाक थांबेपर्यंत. मग नट आवळा आणि लिव्हर दोन-चार वेळा हलवून सोडून बघा. आवळताना सेटिंग हलतंच, म्हणून शेवटची तपासणी नट आवळल्यावरच.

पायरी ६: चाकं, चेन, ब्रेक

एका बाजूची पुढची-मागची चाकं चेनने बांधलेली असतात. एक टायर नवा आणि एक गुळगुळीत असेल तर ती चाकं एकमेकांशी भांडतात आणि ताकद तिथेच खर्च होते. चारही टायरांचा घेर दोरीने मोजा आणि हवा सारखी करा. फुकटचं काम आहे.

चाकं अधांतरी आणि इंजिन बंद असताना चाक हाताने मागे-पुढे हलवा आणि दोन्ही बाजूंची मोकळीक ताडून बघा. एका बाजूला चाक बरंच हलून मग ‘खट्’ असा आवाज आला, तर तिकडची चेन सैल आहे. पार्किंग ब्रेक सुटतोय ना, हेही बघा. ज्या मशीनचा ब्रेक चार्ज प्रेशरने सुटतो, तिथे चार्ज कमी झाला की ब्रेक अर्धवट घासत राहतो आणि दोष मात्र मोटरवर येतो.

बंद पडलेलं मशीन ट्रॅक्टरने ओढून काढू नका. चाकं फिरली की मोटर फिरते आणि बंद वर्तुळातलं ऑइल अडून बसतं. मॅन्युअलमध्ये बायपासचा व्हॉल्व्ह दिला असेल तर तो उघडून, सांगितलं असेल तेवढंच अंतर, तेही सावकाश. आणि नंतर तो बंद करायला विसरू नका. उघडा राहिलेला बायपास म्हणजे ‘ड्राइव्ह मेला’ असं वाटायला लावणारं कारण.

पायरी ७: चार्ज प्रेशर

इथून पुढे गेज लागतो. ऑइल निदान ५० अंशांपर्यंत तापू द्या. थंड ऑइलवरचं रीडिंग फसवं असतं. चाकं अधांतरी, छोटा गेज चार्जच्या पोर्टला. तुमच्या मशीनचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. जुन्या मशीनमध्ये तो साधारण ७ ते २५ बारच्या पट्ट्यात येतो.

न्यूट्रललाच कमी दाखवतोय? मग चार्ज पंप, चार्ज रिलीफ किंवा सक्शन. रिलीफ खोलून साफ करणं सगळ्यांत सोपं, तिथून सुरू करा.

न्यूट्रलला बरोबर, पण डावा लिव्हर टाकला की काटा पडतो आणि उजव्याला पडत नाही? मग डाव्या वर्तुळात ऑइल निसटतंय आणि चार्ज ती तूट भरता भरता थकतोय. काटा किंचित हलणं चालतं, दोन्ही बाजूंचा फरक बघा. एक छोटा गेज एवढं सांगतो, म्हणून पंप खोलणाऱ्या मिस्त्रीला मी आता आधी विचारतो, ‘चार्ज किती दाखवला?’

पायरी ८: रिलीफची अदलाबदल

एका दिशेची कमजोरी असेल तर त्या पंपाच्या पुढच्या आणि मागच्या दिशेचे रिलीफ एकमेकांच्या जागी लावा. दोघांवरचा नंबर एकच असेल तरच. दुखणं दिशा बदलून गेलं तर रिलीफ दोषी, नाही गेलं तर निर्दोष. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी उजवी बाजू पुढे जाईना. रिलीफ काढला तर त्याच्या सीटवर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा पांढरा तुकडा चिकटला होता: टेफ्लॉन टेप. कुणीतरी कधीतरी फिटिंगला गुंडाळली होती. हायड्रॉलिकच्या फिटिंगला टेप आणि पेस्ट दोन्ही लावू नका, तिथे ओ-रिंग किंवा कोनाची सीट काम करते.

पायरी ९: पंप की मोटर?

दोन्ही पंपांकडून मोटरकडे जाणाऱ्या होज डाव्याच्या उजव्याला आणि उजव्याच्या डाव्याला जोडा. आता डावा लिव्हर उजवी चाकं फिरवेल, म्हणून ही चाचणी चाकं अधांतरी असतानाच. चाकांना हाताने ओझं द्यायला जाऊ नका; चाकांचा वेग, लिव्हर टाकल्यावर चार्जचा काटा आणि आवाज ताडून बघा. दुखणं दुसऱ्या बाजूला गेलं तर पंपात आहे, त्याच बाजूला राहिलं तर मोटर किंवा त्यापुढे. होज सोडण्याआधी सगळा भाग डिझेल-ब्रशने धुवा, खुणा करा, तोंडाला लगेच बुच लावा. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात.

मोटरला केस ड्रेन असेल तर तिची होज मापाच्या डब्यात सोडा आणि एका मिनिटात किती ऑइल येतं ते दोन्ही बाजूंना मोजा, तापमान आणि इंजिनचा वेग तोच ठेवून. चाकं अधांतरी असताना दाब कमी असतो, त्यामुळे थोडी झीज यात दिसणार नाही. दुप्पट-तिप्पट फरक आला तर मात्र ती मोटर काढायचीच. केस ड्रेनचं तोंड बुच लावून कधीही चालवू नका, शाफ्ट सील क्षणात उडतं.

पायरी १०: पंप काढायचाच ठरला तर

बंद खोलीत, स्वच्छ टेबलावर. आणि पंप फुटून झीज पसरली असेल तर फक्त पंप बदलून भागत नाही. वर्तुळ बंद असल्यामुळे तोच चुरा मोटरमधून फिरून नव्या पंपात येतो. मोटर खोलून धुवा, होज धुवा, टाकी रिकामी करून तळ पुसा. कूलरच्या नळ्यांत अडकलेला चुरा धुऊन निघत नसेल तर कूलर बदलण्याचा खर्च धरा.

नवीन पंप बसवल्यावर त्याच्या केसमध्ये स्वच्छ ऑइल भरा, मगच होज जोडा. इंजिन चालू होऊ न देता स्टार्टर थोडा-थोडा मारा, गेजवर चार्ज दिसला की मगच चालू करा. दोन-तीन मिनिटं हळू वेगाने, लिव्हर न्यूट्रल. नंतर चाकं अधांतरीच ठेवून पुढे-मागे सावकाश. पहिल्या ५० तासांनी फिल्टर पुन्हा बदला आणि तोही कापून बघा.

शेवटी ऑइलपेंट आणि बारीक ब्रश घ्या. मागच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला तारीख, ऑइलचा नंबर, तापल्यावरचा चार्ज प्रेशर, आणि डाव्या-उजव्या बाजूचे केस ड्रेनचे आकडे लिहून ठेवा. आमच्या दरवाजावर अशा चार ओळी आहेत. पाचवी लिहायची वेळ येईल तेव्हा नवा मिस्त्री आधी त्या वाचेल आणि मग पाना उचलेल.